मौनातलं गाऱ्हाणं

घाटकोपरच्या मुन्शिपाल्टीच्या शाळेतल्या, चौथीच्या वर्गाच्या बाई. मला शाळेत आणलं त्यांनी, शाळेत टिकवलं त्यांनी, आणि माझ्या आईसाठी कोणीच तोंड उघडत नव्हतं तेव्हा बोलल्या त्याच. जे झालं ते सांगण्याआधी एवढं लिहून ठेवते. नाहीतर मध्येच कुठेतरी माझा धीर सुटेल आणि मुख्य गोष्ट राहून जाईल. त्यांचं नाव लिहीत नाही. त्या आता कुठे असतील, दुसऱ्या कुठल्या नोकरीत असतील का, हे कोणाच्या हाती पडेल आणि पुन्हा त्यांना कोणी बोलावून जाब विचारील की काय, या विचाराने हात थांबतो. म्हणून कोणाचंच नाव नको. माझी शाळा चौथीतच सुटली. लिहिण्यात काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

माझं गाव मालवणच्या बाजूला. वडील मी लहान असतानाच गेले. आई आणि मी दोघीच. त्या वर्षी आईचा खोकला थांबेना. अंगणात बसून ती पदर तोंडाशी धरायची आणि पदराकडे न बघताच तो कमरेला खोचायची. बोटी पावसाळ्यासाठी बंद व्हायच्या आधी मामा मुंबईहून आला आणि आईने मला त्याच्याबरोबर पाठवलं. ती बंदरापर्यंत आली नाही. निघताना मी जवळ जायला लागले तर तिने हात आडवा धरला. "थंयसरच ऱ्हव," म्हणाली. मग जरा वेळाने म्हणाली, "रोज देवाक गाऱ्हाणा घाल माझ्यासाठी. मनातल्या मनात नको हां. मोठ्यान सांग. सांगल्याशिवाय तेका कसा कळतला?"

गाऱ्हाणं म्हणजे आमच्याकडची देवाशी बोलायची रीत. गावात कोणाचं दुखणं निघालं, पेरणी अडली, की जाणता माणूस देवळात उभा राहून देवाला हाक मारतो. काय झालंय ते स्पष्ट सांगतो आणि काय हवं तेही सांगतो. दर बोलामागे जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. ही साथ मोठी. साथ नसली तर गाऱ्हाणं पोचत नाही असं आम्ही धरून चालतो. एकट्याने घातलं तर ती नुसती बडबड.

मामाची खोली रेल्वेच्या पूर्वेला, मिठागरांकडच्या चाळीत होती. मामा कुर्ल्याच्या एका गिरणीत जायचा. मामी वाईट नव्हती. कडेवर एक मूल, दुसऱ्याची चाहूल, आणि त्यात मी. पहिल्याच संध्याकाळी मी दारात उभी राहून "बा देवा म्हाराजा" म्हणून सुरुवात केली आणि "माझ्या आवशीच्या छातीत" इथपर्यंत आले, तोच मामीने माझ्या तोंडावर हात दाबला.

"गप गो! ह्या गाव न्हय. भिंतीपलीकडे माणसां ऱ्हवतत. तुझ्या आवशीक क्षय आसा म्हणान कळला तर नळावर हंडो लावूक देवचे नाय आपणांक. मालक खोली खाली करूक सांगात."

मामा कोट खुंटीला लावत होता. तो म्हणाला, "मनात म्हण, बाय. देव मनातलापण ऐकता."

मी मनात म्हणून बघितलं. मनात "व्हय म्हाराजा" म्हणायला कोणी नव्हतं.

शाळा सुरू व्हायच्या सुमारास चाळीत एक बाई आल्या. पांढरं लुगडं, हिरवे काठ, हातात छत्री. शाळेत न जाणारी मुलं शोधायचं काम मास्तरांना आणि बाईंना दिलेलं असायचं. मी तेव्हा मामीचं मूल झोळीत घालून झोका देत होते.

"ही कितवीत?" त्यांनी विचारलं.

"खंयचा काय! ही माका हाताखाली हवी," मामी म्हणाली. तिचं लक्ष बाईंच्या कपाळाकडे गेलं. तिथे कुंकू नव्हतं. मामीचा आवाज एकदम मऊ झाला. "बसा ओ. इतक्या लहान वयात... काय झाला होता मालकांक?"

"काही नाही झालं," बाई हसून म्हणाल्या. "मालक खुशाल आहेत माझे. आम्ही नगरकडचे. ख्रिस्ती आहोत."

मामी चहाचं आधण ठेवत होती. कोणता कप द्यावा या विचारात ती अशी अडकली की पाणी उकळून निम्मं झालं. शेवटी बाईच म्हणाल्या, "चहा नको मला, पाण्याचाही त्रास नको. पोरगी तेवढी द्या." आणि मामीला हसू आलं. त्या हसण्यावर मी शाळेत गेले. गावात मी तिसरी केलेली होती, म्हणून बाईंनी आपल्याच वर्गात घेतलं.

शाळेत जाऊन मला पहिली गोष्ट कळली ती ही, की इथे प्रार्थना नाही. माझ्या शेजारी बसणारी भाजीवाल्याची मुलगी मोठी बोलकी होती. तिनेच सांगितलं.

"पूर्वी होती गं. गणपतीची, सरस्वतीची. पेटीसुद्धा होती वाजवायला. तेव्हा शाळा मंडळाची होती ना. आता मुन्शिपाल्टीची झाली."

"मग?"

"मग काय! त्या खाणीवरच्या मुसलमानाच्या पोराने हात नाही जोडले, तर एका मास्तरांनी त्याला हाणलं. त्याचा बाप आला शाळेत. अशी बोंबाबोंब झाली म्हणतेस! मग हेडमास्तर म्हणाले, आता सगळ्यांनी गप उभं राहायचं. झालं. पेटी कपाटात."

म्हणजे शाळा भरताना सगळी मुलं शेडखाली ओळीत उभी राहायची, घंटेचा एक टोला पडायचा आणि दुसरा टोला पडेपर्यंत कोणी बोलायचं नाही. हेडमास्तर रोज एकच वाक्य सांगायचे, "ज्याने त्याने आपापल्या मनात." ते सरळ माणूस होते. नव्या घटनेत काय लिहिलंय ते त्यांनी वर्गात येऊन आम्हाला समजावलं होतं. ज्या शाळेचा सगळा खर्च सरकार करतं, तिथे कोणत्याच एका धर्माची शिकवण नाही. "देव घरी. शाळेत आपण सगळे सारखे," असं म्हणताना त्यांचा चेहरा उजळायचा. आज मला त्यांचं म्हणणं पटतं. त्या मुसलमान मुलाच्या पाठीवर काठी बसायला नको होती, आणि पुन्हा कोणाच्या बसू नये म्हणूनच त्यांनी ते मौन आणलं. पण देव घरी ठेवायचा, तर माझ्या घरात देवाशी बोलायची बंदी होती. आणि शाळेत मौन.

मी त्या मौनात डोळे उघडे ठेवून सगळ्यांकडे बघायची. ओठ मिटलेले, कोणाची पापणी हलते, कोणी नाक ओढतंय. यांचे देव जवळ राहात असतील, असं मला वाटायचं. माझा देव दर्यापलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. त्याला इथून मनातलं कसं ऐकू जाणार?

मग एका संध्याकाळी मामा मामीशी हळू बोलत होता ते मी ऐकलं. घाटमार्गे कोणी गाववाला आला होता, त्याने निरोप आणला होता. "आता उठूक पण जमना नाय तिका," मामा म्हणाला. मामी म्हणाली, "चेडवाक सांगा नको." चेडू, म्हणजे पोरगी, म्हणजे मी.

दुसऱ्या दिवशी शेडखाली घंटेचा टोला पडला. सगळे गप्प झाले. आणि मी मोठ्याने सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! बारा येशीच्या धन्या म्हाराजा! आज तुझा लेकरू तुका हाक मारता हा म्हाराजा!"

काय होतंय हे कोणाला कळायच्या आत मागच्या ओळीतून दोन-तीन आवाज आले, "व्हय म्हाराजा!" ती कोकणातलीच मुलं होती. त्यांनी चेष्टा केली नव्हती. आमच्याकडे जन्मलेल्या माणसाच्या तोंडून ते आपोआपच निघतं.

"माझी आवस क्षयान आडवी पडली हा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिचो खोकलो काढून दर्यात बुडव म्हाराजा!"

आता सगळी शाळाच ओरडली. हसत, उड्या मारत, एकमेकांना ढकलत. पत्र्याची शेड घुमली. ती चेष्टा होती हे मला कळलं, पण त्या क्षणी त्याचं काहीच वाटलं नाही. एवढ्या माणसांची साथ आमच्या गावच्या जत्रेलाही नसते. मला वाटलं, पोचलं. आता आई उठून बसली असेल.

हेडमास्तर धावत आले. त्यांनी मला मारलं नाही. "अगं, कशासाठी एवढं सांभाळतोय मी हे सगळं?" एवढंच म्हणाले. उलट जुन्या मंडळाचे चिटणीस दुपारी मुद्दाम शाळेत आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि हेडमास्तरांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा, पोरांच्या तोंडातून देव बाहेर येतोच. तुम्ही किती दाबणार?" मला ते फार भले गृहस्थ वाटले.

चाळीत मात्र मामी म्हणाली होती तसंच झालं. भाजीवाल्याच्या मुलीने घरी जाऊन सांगितलं, घरून नळावर गेलं. तिसऱ्या खोलीतली बाई मामीचा हंडा पायाने बाजूला सारून म्हणाली, "तुमचं पाणी शेवटी भरा, काकू. घरात लहान पोरं आहेत आमच्या." मामी रिकामा हंडा घेऊन परत आली. ती मला ओरडली नाही. भिंतीकडे तोंड करून बसली.

मामा सकाळी माझं नाव काढायला शाळेत आला. मी त्याच्यामागे उभी. बाईंनी त्याला वर्गाबाहेर थांबवलं.

"एवढ्याशा कारणावरून पोरीची शाळा घालवता?"

"एवढासा न्हय, बाई. आमका थंय ऱ्हवूचा आसा. पुन्हा बोलली तर?"

"सगळ्यांसमोर पुन्हा नाही बोलणार. जबाबदारी माझी."

मामाने माझ्याकडे बघितलं. "व्हया तुका शाळा?" मी मान हलवली. तो तसाच गिरणीत गेला.

बाई मला वर्गात घेऊन गेल्या. अजून कोणी आलेलं नव्हतं. "आता सांग," म्हणाल्या, "गप्प राहायला काय होतं तुला?"

मी सगळं सांगितलं. आई अंगणात उभी होती ते, मोठ्याने सांग म्हणाली ते, मामीचा हात, आणि साथ नसेल तर पोचत नाही ते. खिडकीबाहेर बघत बाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "कुणाला तरी फक्त होय म्हणायचं असतं?"

"व्हय म्हाराजा म्हणायचं."

"मी म्हटलं तर चालेल का गं तुझ्या देवाला? मी ख्रिस्ती."

मी विचार केला. आमच्या गावचे किरिस्ताव जत्रेला येऊन नारळ ठेवतात ते मी बघितलं होतं. "साथीला कोण पण चालतं," मी म्हटलं. "फक्त मोठ्याने म्हणायचं."

"मोठ्याने नाही जमायचं पोरी. हलक्या आवाजात चालेल का?"

तेवढी तडजोड मी केली. मी दार ओढून घेतलं आणि सुरू केलं. पहिल्याच बोलाला त्या म्हणाल्या, "होय महाराजा."

"असं नाही बाई. तुम्ही फळ्यावर लिहिल्यासारखं म्हणता. 'व्हय म्हाराजा.' तोंड उघडून."

"व्हय म्हाराजा," बाई म्हणाल्या, आणि मग तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या, की मलाही हसू आलं. गावाहून निघाल्यापासून मी हसलेच नव्हते.

मग ते रोजचं झालं. मी लवकर यायची, बाई त्याहून लवकर. त्या खुर्चीवर बसत नसत, उभ्या राहात. एकदा मी विचारलं, तर म्हणाल्या, "मागताना बसून कसं चालेल?" गाऱ्हाणं झालं की त्या फळा पुसायच्या आणि मी खिडक्या उघडायची. मग शेडखालच्या मौनात मी शहाण्यासारखी गप्प उभी राहायची, कारण माझं काम झालेलं असायचं. श्रावणभर असं चाललं. बाई मला उजळणी द्यायच्या, मी पुढे पुढे जात होते, पाठ मोठ्याने वाचून दाखवायला त्या मलाच उठवायच्या. आई बरी होतेय याबद्दल मला शंकाच राहिली नव्हती. बोटी सुरू झाल्या की ती येईल आणि तिला या बाई दाखवायच्या, असं मी ठरवून टाकलं होतं.

गणपतीच्या आसपास एका सकाळी आमचं चाललं असताना कोणीतरी दार ढकललं. चिटणीस होते. ते उत्सवासाठी शाळेची बाकं मागायला आले होते. त्यांनी आम्हा दोघींकडे बघितलं, दाराकडे बघितलं, आणि बाकं न मागताच गेले.

दुसऱ्या दिवशी मामाला पाळी बुडवून शाळेत बोलावलं. हेडमास्तरांच्या खोलीत ते, चिटणीस, मामा, बाई आणि मी. मामा टोपी हातात घेऊन दाराजवळ उभा होता.

"या बाई रोज दार लावून हिंदूच्या पोरीकडून काहीतरी म्हणवून घेतात," चिटणीस म्हणाले. "बाटवाबाटवी चालली आहे सरकारी शाळेत. आमची सरस्वती तुम्हाला चालली नाही, आणि हे चालतं?"

हेडमास्तरांनी घाम पुसला. "काय म्हणवून घेता, बाई?"

"मी काही म्हणवून घेत नाही. ती म्हणते." बाई माझ्याकडे वळल्या. "सांग, बाळ. जे खरं आहे ते सांग. भिऊ नकोस."

मी भ्यायलेच होते, पण गाऱ्हाणं सुरू केलं की भीती राहात नाही. मी सगळं म्हटलं. बारा येशीचा धनी, आईचा खोकला, दर्या. आणि रोज घालायची तो शेवटचा बोलही, "तिका बोटीत बसव आणि माझ्यासमोर हाडून उभी कर म्हाराजा." आणि थांबले.

साथ आली नाही. चिटणीस देशावरचे, त्यांना ही रीत ठाऊक नव्हती. हेडमास्तर टेबलाकडे बघत होते. मी मामाकडे बघितलं. तो आमच्याच गावचा. त्याला तर म्हणता येत होतं. त्याचे ओठ हलले, पण शब्द निघाला नाही. त्याने मान खाली घातली. मी वाट बघत उभी. ते अर्धवट राहिलं तर सगळं वाया जाणार होतं.

"व्हय म्हाराजा," बाई म्हणाल्या. त्या खोलीत, सगळ्यांच्या देखत, मी शिकवलं होतं तसंच.

चिटणीस ताडकन उठले. "म्हणजे आमच्या देवाची थट्टा!"

"थट्टा नव्हती ती."

"तुमचा विश्वास आहे त्या देवावर?"

"नाही."

"मग होय कशाला म्हणता?"

"तिची आई बरी व्हावी याला होय म्हणते मी," त्या म्हणाल्या. "त्याला माझी काय हरकत असणार?"

हेडमास्तरांनी डोळे मिटले. मग अगदी हळू म्हणाले, "बाई, तुमचा हेतू मला कळतो. पण मी यांना नको म्हणायचं आणि तुम्हाला हो म्हणायचं, हे कसं करू? उद्या दुसरा मास्तर दार लावून दुसरं काही म्हणवील. शाळेच्या भिंतीच्या आत नाही म्हणजे नाही." मला वाटतं, त्यांना ते बोलताना त्रास होत होता. पण त्यांनी तसं वर कळवलं, आणि बाईंची बदली ट्रॉम्बेच्या बाजूला कुठेतरी झाली.

त्या दिवशी बाई माझ्याबरोबर शेडपर्यंत आल्या. "त्यांच्यावर रागावू नकोस," म्हणाल्या. "आमच्या चर्चमध्ये कळलं तर तिथेही मला विचारतीलच." मग माझी वेणी सुटली होती ती त्यांनी बांधली. "तू शिकणं सोडू नकोस. आणि आई आली की कळव हं मला." मी हो म्हटलं.

मामा मला चाळीकडे न नेता मिठागरांच्या बांधावर घेऊन गेला. पावसाने मिठागरं भरलेली होती. तो बांधावर बसला, मलाही बसवलं. बराच वेळ टोपीची घडी करत राहिला.

"माका व्हय म्हणूक येयना, बाय," तो म्हणाला.

"कित्याक?"

"तुझी आवस गेली."

मला वाटलं, कुठे गेली? कोणाकडे?

"आषाढ सरता सरता गेली. घाटमार्गे माणूस इलो होतो पुन्हा, गिरणीतच येवन सांगितल्यान. मिया घराक सांगूकच नाय. मामी तशी पोटुशी, आणि तुझा शाळेत बरा चल्ला होता. म्हटला, बोटी सुरू होवंदेत, मगे सांगूया." माझ्या मामाला मी रडताना पहिल्यांदाच बघितलं. "मेलेल्या माणसाक बरा कर म्हणान मी देवाक व्हय कसा म्हणू गो?"

मी काय केलं ते मला आठवत नाही. मामी नंतर सांगायची, की मी घरी येऊन झोळीला झोका द्यायला बसले आणि संध्याकाळपर्यंत उठलेच नाही. झोळीत मूल नव्हतं. मला आठवतो तो एकच विचार. श्रावणभर रोज सकाळी बाई उभ्या राहून जिच्यासाठी मागत होत्या, ती तेव्हा या जगात नव्हती. आणि हे बाईंना ठाऊक नव्हतं.

माझं नाव शाळेतून निघालं. कोणी मुद्दाम काढलं नाही. मामीला दिवस भरत आले होते, घरात माणूस हवं होतं, आणि मला त्या वर्गात जाऊन खिडक्या उघडवेनात. मामा एकदा "जातलंस शाळेत?" असं म्हणाला. मी नाही म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं नाही. सुटल्यासारखा त्याचा चेहरा झाला, आणि त्यासाठी मी त्याला दोष देत नाही.

मी गावी गेलेच नाही. आई नसलेल्या घरात जाऊन काय बघायचं? आता मी साकीनाक्याच्या बाजूला एका कारखान्यात औषधाच्या बाटल्या भरण्याच्या कामाला जाते. वाचनाची सवय मात्र राहिली, मिळेल ते वाचते. शाळेसमोरून जाताना कधी घंटेचा टोला पडतो आणि आतली सगळी पोरं एकदम गप्प होतात. मी थांबते. आत कोणीतरी असेल का, ज्याला मनात म्हणता येत नाही? दुसरा टोला पडला की चालायला लागते.

कामाला लागल्यावर एकदा रजा काढून ट्रॉम्बेला गेले होते. कोळीवाड्यातल्या शाळेत विचारलं. तिथले शिपाई म्हणाले, "त्या बाई? त्या गेल्या नोकरी सोडून. नगरकडे गेल्या म्हणतात." गाव कोणतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी परत आले. आई आली की कळव म्हणाल्या होत्या. ती आली नाही हेसुद्धा मला कळवता आलं नाही. त्यांना वाटत असेल का, की पोरगी विसरली? की आई येऊन गेली असेल आणि दोघी सुखात असतील? कधी वाटतं, असंच वाटू दे त्यांना.

त्यांच्याबद्दल मला काय ठाऊक आहे? मालक होते, खुशाल होते, तेही त्यांनीच मामीला सांगितलं म्हणून. मूलबाळ होतं का, कोणी आजारी होतं का, रोज एवढ्या लवकर घरून निघताना मागे काय टाकून येत होत्या, काहीच माहीत नाही. मी माझंच सांगत होते. त्यांनी मला एकदाही अडवून स्वतःचं काही सांगितलं नाही.

बाई, मी नगरला येईन. आज जमत नाही. मामीची पोरं लहान आहेत आणि माझ्याही रोजगारावर घर चालतं, पण येईन. गावोगावच्या चर्चमध्ये विचारावं लागलं तरी चालेल. तुमच्या रविवारी येईन, तुमच्या शेजारी उभी राहीन, तुमची गाणी मला येणार नाहीत. प्रार्थना सुरू व्हायच्या आधी तुमच्या कानाशी वाकून विचारीन, बाई, तुमच्यासाठी काय मागू? आणि तुम्ही जे सांगाल ते मागीन. तुमच्या देवाला कळेल अशा शब्दांत, तुम्ही शिकवाल तसं, जमेल तितके दिवस.